१ अंशाचा अ‍ॅक्सिकॉन: झोत सावरतो, पण आधी टोक तपासा

अ‍ॅक्सिकॉनच्या म्हणजे शंकूच्या आकाराच्या भिंगाच्या माहितीपत्रकात एक चित्र हमखास असतं. डावीकडे वर्तुळाकार कड्यांचा झोत, मध्ये त्याची वाट अडवणारा काळा ठिपका, उजवीकडे तोच झोत पुन्हा जसाच्या तसा. चित्र खरं आहे. अडचण एवढीच की हे चित्र बऱ्या अ‍ॅक्सिकॉनवर जसं निघतं तसंच सुमार अ‍ॅक्सिकॉनवरही निघतं. झोत पुन्हा जुळून येणं ही शंकूच्या आकाराची देणगी आहे, पॉलिशच्या दर्जाची नाही. त्यामुळे ते चित्र पाहून भिंग निवडण्यात अर्थ नाही. या परीक्षणात एक नेहमीचा नमुना घेतला आहे: फ्यूज्ड सिलिकाचा, २५.४ मिमी व्यासाचा, एक बाजू सपाट, दुसरीवर १ अंशाचा शंकू आणि दोन्हीकडे परावर्तनरोधी कोटिंग. सगळे आकडे ६३३ नॅनोमीटरच्या लाल लेझरसाठी आहेत.

मागणी नोंदवण्याआधी कोनाचा घोळ मिटवून घ्या. कुणी सपाट तळ आणि शंकूची बाजू यांच्यातला कोन देतं (१ अंश), कुणी टोकाचा कोन देतं (१७८ अंश), तर कुणी प्रकाश किती वळतो तो कोन छापतं. पहिले दोन एकाच वस्तूचे आहेत, तिसरा मात्र पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. फ्यूज्ड सिलिकाचा अपवर्तनांक ६३३ नॅनोमीटरला १.४५७ असतो. त्यातून १ वजा केला आणि तळकोनाने गुणलं की वळण मिळतं: ०.४५७ अंश, म्हणजे जवळपास ८ मिलिरेडियन. पुढचा सगळा हिशेब या आठावर उभा आहे. तोच १ अंश बीके-७ काचेत घेतला तर वळण ९ मिलिरेडियन होतं. झोताचा गाभा बारीक होतो आणि पल्ला आखूड. काच बदलून आली आणि आकडे जुळले नाहीत, तर आधी इथे बघावं.

२.५ मिमी त्रिज्येचा समांतर गाउसी झोत (मध्ये तेजस्वी, काठाकडे मंद होत जाणारा) या शंकूवर पाडला की पलीकडे बेसल झोत तयार होतो, म्हणजे मध्ये उजळ गाभा आणि भोवती कड्या. मधल्या गाभ्याचा व्यास पहिल्या काळ्या कडीपर्यंत सुमारे ६१ मायक्रॉन आणि पुढच्या कड्या साधारण ४०-४० मायक्रॉनवर. हा गाभा न पसरता टिकतो तो पल्ला झोताची त्रिज्या भागिले वळण, म्हणजे सुमारे ३१३ मिमी. तेवढ्याच बारीक गाउसी झोताची रॅले लांबी, म्हणजे तो फारसा न पसरता जातो ते अंतर, ४.६ मिमी भरते, यावरून फरक लक्षात यावा. मात्र ३१३ मिमीभर तेज सारखं नसतं. सुरुवातीला चढतं, मध्यावर म्हणजे १५५ मिमीच्या आसपास शिखर गाठतं आणि मग उतरतं. शिखराच्या निम्म्याहून जास्त तेज हवं असेल तर कामाचा पट्टा ५० ते ३०० मिमी धरावा. माहितीपत्रकातला पल्ला पूर्ण वापरता येईल असं समजून बाकीची मांडणी आखू नये.

आता सावरण्याचं. अक्षावरच्या एखाद्या बिंदूशी पोचणारा प्रकाश शंकूवरच्या एका ठरावीक वलयातून आलेला असतो. बिंदू जितका लांब, तितकं वलय मोठं. १०० मिमीवरचा गाभा ०.८ मिमी त्रिज्येच्या वलयातून आलेला, २०० मिमीवरचा १.६ मिमीच्या. म्हणजे गाभा एकसंध काडीसारखा पुढे जातच नाही, दर ठिकाणी तो बाहेरून येणाऱ्या नव्या प्रकाशातून घडत राहतो. मध्ये ठिपका ठेवला तर त्या जागेचा गाभा मरतो, पण पुढच्या गाभ्याचा प्रकाश अजून ठिपक्याच्या बाहेरून वाटेवर असतो. सावलीची लांबी ठिपक्याची त्रिज्या भागिले वळण. ०.४ मिमी व्यासाच्या ठिपक्याला ०.२ भागिले ०.००८, म्हणजे २५ मिमी. त्यापुढे गाभा मूळच्याच तेजाने परत येतो, कारण तिथे येणारा प्रकाश ठिपक्याला शिवलाच नव्हता. अडलेली ऊर्जा मात्र गेली ती गेली, ती कुठून परत येत नाही.

याची किंमत कड्यांमध्ये चुकती होते. गाभ्याजवळच्या प्रत्येक कडीत जवळजवळ गाभ्याइतकीच शक्ती असते, आणि अशा कड्या डझनांनी असतात. वरच्या मांडणीत तेजाच्या शिखरावरही गाभ्यात एकूण शक्तीच्या ३ टक्क्यांच्या आसपासच असते. ५ मिलिवॅटचा लेझर लावला तर गाभ्यात दीडशे मायक्रोवॅट. ज्यांना बारीक आणि तेजस्वी ठिपका हवा आहे, त्यांना साधं भिंगच पुरेल.

टोकाचा प्रश्न

खऱ्या शंकूला टोक असतं. पॉलिश केलेल्या शंकूला टोकाच्या जागी एक गोलसर टेकडी असते, कारण घासणारं हत्यार बिंदूपर्यंत पोचत नाही. ही टेकडी किती मोठी, यावरच अ‍ॅक्सिकॉनचा दर्जा ठरतो, आणि नेमका हाच आकडा माहितीपत्रकात बहुधा नसतो. विक्रेत्याकडे तो लेखी मागावा.

टेकडीचा उपद्रव दोन प्रकारचा. गोलसर भागाची त्रिज्या ०.५ मिमी असेल तर पहिले ६३ मिमी धड बेसल झोत मिळत नाही, कारण तिथला प्रकाश याच बिघडलेल्या भागातून यायचा असतो. हे एक वेळ चालेल, त्यापुढे काम करता येतं. दुसरा उपद्रव चिवट आहे. टेकडीतून जाणारा प्रकाश फारसा न वळता अक्षावरून सरळ निघतो आणि शंकूतून येणाऱ्या प्रकाशाशी व्यतिकरण करतो. परिणामी अक्षावरचं तेज लाटांसारखं वरखाली होतं. दोन लाटांमधलं अंतर तरंगलांबीची दुप्पट भागिले वळणाचा वर्ग, इथे साधारण २० मिमी. एखाद्या जागी कॅमेरा लावून चित्र सुंदर दिसलं, १० मिमी पुढे सरकवल्यावर गाभा फिका पडला, तर लेझरला दोष देण्याआधी टोक आठवावं.

तपासणी सोपी आहे. कॅमेरा भिंगाविना रेलवर बसवा, २० ते ३०० मिमीपर्यंत २-२ मिमीने सरकवा, दर ठिकाणी गाभ्याचं कमाल तेज नोंदवा आणि आलेख काढा. ५ मिमीच्या पायऱ्यांनीही २० मिमीची लाट सापडते, पण तिची उंची कमी मोजली जाते. चांगल्या टोकाचा आलेख एक गुळगुळीत टेकाड दाखवतो. खराब टोकाच्या आलेखावर करवतीचे दाते दिसतात. हा एक आलेख अडथळ्याच्या दहा छायाचित्रांपेक्षा जास्त सांगतो. वस्तू परत करण्याची मुदत संपायच्या आत तो काढून ठेवावा.

खराब टोकावर इलाज आहे. अ‍ॅक्सिकॉननंतर २०० मिमी नाभीय अंतराचं भिंग ठेवलं की त्याच्या नाभीच्या प्रतलात सगळा शांकव प्रकाश १.६ मिमी त्रिज्येच्या बारीक कडीत गोळा होतो आणि टोकाचा प्रकाश मध्यभागी साचतो. काचेवर १ मिमी व्यासाचा अपारदर्शक ठिपका घेऊन तो मध्यभाग झाकायचा आणि दुसऱ्या भिंगाने झोत पुन्हा उभा करायचा. कडी शाबूत राहते, लाटा जवळपास नाहीशा होतात. ठिपका फार मोठा घेऊ नका, कडीच्या आतल्या काठाला लागला तर कड्यांचं चित्र बिघडतं. आणखी एक फायदा असा की त्या प्रतलातली कडी नुसती पाहूनच पुष्कळ कळतं. एका बाजूला फिकी असेल तर झोत मध्यावर पडलेला नाही, लांबट असेल तर काहीतरी तिरकं आहे किंवा शंकूच सदोष आहे.

बसवताना

साध्या भिंगाच्या माउंटवर हा बसवू नये. दोन अक्षांत सरकणारा आणि दोन अक्षांत कलणारा माउंट लागतो. सपाट बाजू लेझरकडे करा, म्हणजे तिच्यावरून परतणारा अंधुक ठिपका लेझरच्या तोंडाजवळच्या बारीक छिद्रावर परत आणून कल शून्य करता येतो. परतणारा प्रकाश लेझरमध्ये शिरून शक्ती थरथरू लागली तर आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) लावावा. कोटिंग असूनही हे घडतं, आणि कोटिंग तरंगलांबीच्या भलत्याच पट्ट्यातलं असेल तर नक्कीच घडतं.

सरकणं आणि कलणं यांची लक्षणं वेगळी आहेत. झोत टोकावरून बाजूला सरकला असेल तर गाभा गोलच राहतो, कड्या एका बाजूला जास्त उजळ दिसतात. कल असेल तर गाभा फुटून चौकटीसारखी जाळी होते. ही जाळी अंतराबरोबर वाढते. म्हणून जवळ, ६०-७० मिमीवर पाहून समाधान मानू नका, २५० मिमीवर पाहा. सदोष म्हणजे किंचित लंबवर्तुळाकार शंकूही अगदी अशीच जाळी देतो. कोणाचा दोष हे ठरवायला अ‍ॅक्सिकॉन त्याच्या माउंटमध्येच ४५ अंश फिरवा. जाळी त्याच्यासोबत फिरली तर वस्तू सदोष, जागेवर राहिली तर मांडणी किंवा आत येणारा झोत. एवढा पुरावा हाती असला की विक्रेत्याशी बोलणं फार लवकर आटोपतं.

आत येणारा झोत खरोखर समांतर हवा. किंचित पसरणारा झोत दिला तरी कड्या दिसतात, त्यामुळे चूक लपून राहते. गाभा मात्र पुढे जाता जाता जाड होत जातो. झोत विस्तारकाचं फोकस फिरवत १०० आणि २५० मिमीवरचे गाभे सारखे येईपर्यंत जुळवावं. झोत मोठा केला तर पल्ला वाढतो, गाभा तेवढाच राहतो. त्रिज्या ८ मिमीच्या पुढे नेली की २५.४ मिमीच्या काठावर झोत कापला जाऊ लागतो, आणि काठाच्या विवर्तनाने अक्षावर नव्या लाटा येतात. टोकाच्या लाटा सुरुवातीच्या भागात जास्त, काठाच्या शेवटाकडे.

अडथळ्याची चाचणी, नीट केलेली

दाखवायला हीच चाचणी सगळ्यांना हवी असते आणि हीच सगळ्यात जास्त वेळा चुकते. काचेच्या पातळ समांतर पट्टीवर ०.४ मिमीचा क्रोमचा ठिपका घ्या, १०० मिमीवर ठेवा. कॅमेरा १०५, ११५, १२५, १४० आणि १६० मिमीवर. ३.४५ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर असेल तर गाभ्यावर सतराअठरा पिक्सेल येतात, ते पुरेसे आहेत. प्रकाश कमी करायचा तो अ‍ॅक्सिकॉनच्या आधी. कॅमेऱ्यासमोर लावलेला एनडी (प्रकाश मंद करणारा) फिल्टर आणि सेन्सरवरची झाकणकाच दोन्ही स्वतःच्या पट्ट्या उमटवतात, आणि मग कड्या कुठल्या आणि पट्ट्या कुठल्या यात वेळ जातो. तुलनेसाठी तीच पट्टी ठिपका बाजूला सारून, कोऱ्या भागातूनही चित्रं घ्या.

गोल ठिपक्याचा एक सापळा आहे. त्याच्या लगेच मागे, अक्षावर, एक उजळ बिंदू दिसतो. तो सावरलेला गाभा नव्हे. गोल अडथळ्याच्या काठावरून विवर्तित झालेला प्रकाश मध्यावर एकाच फेजमध्ये, म्हणजे लाटेच्या एकाच टप्प्यावर, पोचतो, म्हणून साध्या गाउसी झोतातही हा आरागोचा बिंदू दिसतो. अ‍ॅक्सिकॉन काढून तीच चाचणी केली की खात्री पटते. म्हणून निकाल मध्याच्या उजेडावर लावू नये. पहिल्या चारपाच कड्यांची जागा आणि उंची ठिपक्याविना घेतलेल्या चित्राशी जुळली तरच झोत सावरला म्हणावं. चौकोनी किंवा वेडावाकडा ठिपका घेतला तर हा बिंदू फिका पडतो आणि चाचणी जास्त प्रामाणिक होते.

तार वापरू नका. हाताशी असते म्हणून बरेच जण ०.४ मिमीची तार आडवी लावतात आणि झोत पूर्ण सावरत नाही म्हणून भिंगाला नावं ठेवतात. तार झोताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी असते, म्हणून तारेच्या दिशेने येणारा प्रकाश कितीही पुढे गेलं तरी काही प्रमाणात अडतोच. ठिपक्याची सावली २५ मिमीत संपते. तारेमागे १०० मिमीवरसुद्धा गाभ्याकडे येणाऱ्या दिशांपैकी सुमारे १६ टक्के दिशा बंद असतात. हे प्रमाण अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतं, शून्य होत नाही.

माहितीपत्रकं जे कधीच दाखवत नाहीत ते इथे आहे. तोच ठिपका अक्षापासून १ मिमी बाजूला सरकवा. लगेच मागे गाभ्याला काहीही होत नाही. पण त्या ठिपक्याने जो प्रकाश अडवला तो पुढे २२५ मिमीच्या आसपास अक्षावर पोचणार होता. २०० ते २५० मिमीच्या दरम्यान गाभा मंद होतो. १ मिमी त्रिज्येच्या वलयातला ६.४ टक्के भाग झाकला जातो, त्यामुळे ऐन मध्यावर तेज साधारण १२ टक्क्यांनी घसरतं. म्हणजे बाजूची धूळ जवळ त्रास देत नाही, लांबवर देते. दूरच्या प्रतलात काम करणाऱ्यांनी गाभा स्वच्छ दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये.

हाच न्याय धुक्याला आणि ऊतींना. एखादा दुसरा अडथळा झोत पार करतो, पण सगळीकडे पसरलेल्या कणांपुढे कड्याही तेवढ्याच झिजतात आणि गाभ्याला रसद पुरवणारं कुणी उरत नाही. ‘धुक्यातून आरपार’ असं लिहिलेलं दिसलं तर त्या विक्रेत्याच्या बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने बघावं.

पर्याय

अ‍ॅक्सिकॉन नवा नाही, जॉन मॅक्लिओड यांनी १९५४ मध्ये तो मांडला. न पसरणाऱ्या झोताचा १९८७ चा गाजलेला प्रयोग मात्र ड्युर्निन, मिचेली आणि एबर्ली यांनी वलयाकार फटीने केला: २.५ मिमी व्यासाची, १० मायक्रॉन रुंद फट आणि पुढे ३०५ मिमी नाभीय अंतराचं भिंग. पल्ला पाऊण मीटरहून जास्त मिळतो आणि टोकाची कटकट नाही. पण प्रकाश जवळजवळ सगळा फटीबाहेर अडतो. वर्गात तत्त्व दाखवायला उत्तम, इतर कामांना नाही. अडथळ्यानंतर झोत पुन्हा जुळतो हे प्रयोगाने दाखवणारा बाउखाल, वॅग्नर आणि ख्लुप यांचा लेख १९९८ चा.

खरा प्रतिस्पर्धी एसएलएम, म्हणजे पिक्सेलागणिक फेज बदलणारा द्रवस्फटिकाचा पडदा. ८ मायक्रॉन पिक्सेल, १९२० बाय १०८० असा पडदा घेतला तर १ अंशाच्या अ‍ॅक्सिकॉनइतकं वळण द्यायला फेजचा एक आवर्त ७९ मायक्रॉनमध्ये, म्हणजे दहा पिक्सेलमध्ये बसवावा लागतो. ते आरामात जमतं. वळण दुप्पट केलं की पाचच पिक्सेल उरतात, कार्यक्षमता घसरते आणि न वळलेला प्रकाश मध्ये डोकावतो. तो वेगळा काढायला वर तिरक्या रेघांची विवर्तन जाळी चढवून तिने बाजूला वळवलेला झोत (पहिली पातळी) छिद्रातून निवडावा लागतो. ध्रुवीकरण पडद्याच्या दिशेशी जुळवायला अर्धतरंग पट्टिका हवी, तुमच्या तरंगलांबीला पूर्ण आवर्ताचं कॅलिब्रेशन हवं, आणि काही पडद्यांत फेज थरथरतो तो सांभाळावा लागतो. बदल्यात टोक गोलसर होण्याचा प्रश्न उरत नाही, शंकूचा कोन क्षणात बदलतो, मांडणीतला तिरकेपणाचा दोष त्याच पडद्यावर दुरुस्त करता येतो, आणि त्रिघाती (अंतराच्या घनाने बदलणारा) फेज चढवून वक्र जाणारा, तरीही सावरणारा एअरी झोतही काढता येतो. संशोधनाला एसएलएम, ठरलेल्या कामाला अ‍ॅक्सिकॉन, असा आमचा कौल. जास्त शक्तीच्या स्पंदी लेझरसमोर तर पडदा ठेवूच नये, फ्यूज्ड सिलिका ते निमूटपणे सोसते.

कुणी घ्यावा? काच कापणाऱ्या अतिलघुस्पंद लेझरवाल्यांनी जरूर. २०० आणि १० मिमीच्या भिंगांनी झोत वीसपट आखडला की गाभा ३ मायक्रॉनचा होतो आणि पल्ला चारशेपट आखडून ०.८ मिमीवर येतो. तरीही एवढ्या बारीक गाभ्याला हा पल्ला फार मोठा आहे. प्रकाशीय चिमट्यांसाठीही उपयोगी. ३ मिमी अंतरावरच्या वेगवेगळ्या पेट्यांत एकाच झोताने कण पकडल्याचं काम २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं होतं, आणि त्यात पहिल्या पेटीतला कण दुसऱ्या पेटीच्या दृष्टीने अडथळाच होता. प्रकाशपत्री सूक्ष्मदर्शकात (नमुन्याचा एकच पातळ थर उजळणाऱ्या) घेताना थांबून विचार करा. कड्या नको त्या प्रतलांनाही उजळवतात आणि प्रतिमेवर धूसरपणा येतो. द्विफोटॉन उत्तेजन (दोन फोटॉन एकदम शोषले जातात, म्हणून परिणाम तेजाच्या वर्गाने ठरतो) असेल तर प्रश्न हलका होतो: पहिल्या कडीचं तेज गाभ्याच्या १६ टक्के असतं, वर्ग केल्यावर २.६ टक्के उरतं. एकफोटॉन असेल तर कड्यांचा प्रकाश रोखणारी फटीची रचना सोबत हवी, नाहीतर पैसे वाया.

स्वच्छ करताना कापड किंवा टिश्यू टोकावरून ओढू नका. टोकाला बारीकसा टवका उडाला तरी सुरुवातीचा पट्टा कायमचा जातो. आधी कोरडी हवा मारा. डाग तरीही राहिला तर भिंगाच्या टिश्यूला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून शंकूच्या बाजूवरून काठाकडे एकदाच पुसा, आणि ठेवताना सपाट बाजू टिश्यूवर खाली, शंकू वर.